डबी लपवावी, पण राखावी : शहरी निसर्गवाटांवरच्या लेटरबॉक्सिंगचा आढावा

शहरातल्या टेकडीवर रोज सकाळी मोठी वर्दळ असते. कुणी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून चालतं, कुणी कुत्र्याला फिरवायला आणतं, कुणी मोबाइलवर दहा हजार पावलं पुरी करत असतं. वर्षानुवर्षं एकाच वाटेने जाणाऱ्या या मंडळींना त्या वाटेवरच्या पाच झाडांची नावं विचारली, तर बहुतेक जण दुसऱ्या-तिसऱ्यालाच अडखळतात. दोष त्यांचा नाही. थांबून, वाकून, मान वर करून बघावं असं कारणच त्यांना कुणी दिलेलं नसतं.

असं कारण देणारा एक खेळ जगात दीडशेहून जास्त वर्षं चालू आहे. त्याचं नाव लेटरबॉक्सिंग. एक जण वाटेच्या कडेला छोटी डबी लपवतो. तिच्यात एक वही आणि एक शिक्का असतो. डबीपर्यंत कसं पोचायचं याचा क्लू तो लिहून प्रसिद्ध करतो. शोधणारा आपल्याजवळचा शिक्का डबीतल्या वहीत उमटवतो, डबीतला शिक्का आपल्या वहीत घेतो आणि डबी होती तशी पुन्हा लपवून पुढे जातो. पंच नाही, पैसे नाहीत, पहिला-दुसरा नंबर नाही.

हा खेळ शहरातल्या निसर्गवाटेवर असावा का? काहींना तो मुलांना घराबाहेर काढणारा सर्वांत स्वस्त आणि सुंदर उपाय वाटतो. काहींच्या मते आधीच दमलेल्या हिरव्या जागेत प्लॅस्टिकचे डबे पेरण्याचा हा प्रकार आहे. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणूनच आढावा घ्यायचा. माझं मत आधीच सांगायला हवं. हा खेळ असावा, पण त्याचा जीव क्लूमध्ये आहे, आणि त्याचं भवितव्य डबी राखणाऱ्या माणसावर आहे. या दोन गोष्टी नसतील तर डबी नुसता कचरा ठरते.

डार्टमूरची बाटली

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचं पठार आहे. ग्रॅनाइटचे सुळके, दलदल आणि धुकं असा हा मुलूख. शेरलॉक होम्सची बास्करव्हिलच्या कुत्र्याची कादंबरी घडते ती इथेच. या पठाराच्या उत्तर भागात क्रॅनमिअर पूल नावाची अत्यंत दुर्गम जागा आहे. नावात तळं असलं तरी तिथे आता तळं उरलेलं नाही, पीटची ओलसर खोलगट जागा तेवढी आहे. चॅगफर्ड गावचा वाटाड्या जेम्स पेरट पर्यटकांना तिथवर घेऊन जायचा. १८५४ साली त्याने तिथे दगडांची रास रचली आणि तिच्यात एक बाटली ठेवली. एवढी पायपीट करून पोचलेल्या माणसाने आपलं व्हिजिटिंग कार्ड त्या बाटलीत टाकावं, एवढीच कल्पना.

पुढे लोक तिथे स्वतःचाच पत्ता लिहिलेली, तिकीट लावलेली पोस्टकार्डं ठेवू लागले. नंतर येणाऱ्याने ती उचलायची आणि परतल्यावर टपालपेटीत टाकायची. कार्ड घरी आलं की कळायचं, आपल्यामागून कुणीतरी तिथवर पोचलं. खेळाला लेटरबॉक्सिंग हे नाव मिळालं ते यातूनच. १८९४ मध्ये बेलस्टोनच्या सुळक्याजवळ दुसरी पेटी आली. १९०५ मध्ये क्रॅनमिअरला अभ्यागतांची वही आली, आणि नंतर शिक्काही. १९३८ मध्ये डार्टमूरच्या दक्षिण भागातल्या डक्स पूलला आणखी एक पेटी ठेवली गेली, ती विल्यम क्रॉसिंग यांच्या स्मरणार्थ. क्रॉसिंग यांनी १९०९ साली लिहिलेली डार्टमूरची मार्गदर्शिका आजही तिथल्या भटक्यांच्या पिशवीत असते.

पहिल्या सव्वाशे वर्षांत या पेट्यांची संख्या अगदी थोडी होती. १९७० च्या दशकात पेट्यांचे नकाशे आणि याद्या निघाल्या आणि चित्र पालटलं. शंभर पेट्या शोधणाऱ्यांचा 'हंड्रेड क्लब' झाला, क्लूंची सूची छापली जाऊ लागली आणि पठारावरच्या पेट्या हजारांच्या घरात गेल्या. त्याबरोबर तक्रारीही आल्या. लोक दगड उचकटत होते, जमीन उकरत होते, प्राचीन दगडी रांगा आणि थडग्यांच्या फटींत डबे कोंबत होते. राष्ट्रीय उद्यानाचे अधिकारी आणि जमीनमालक अस्वस्थ झाले. खेळणाऱ्यांनी मग आचारसंहिता मान्य केली. पुरातन अवशेषांत, भिंतींत, पडक्या घरांत पेटी ठेवायची नाही. इजा होईल अशा जागी ठेवायची नाही. सिमेंट वा दुसरं कुठलंही बांधकामाचं साहित्य वापरून ती पक्की करायची नाही.

या खेळावरचे आजचे बरेच वाद डार्टमूरवर आधीच होऊन गेले आहेत. बंदी न घालता ते सुटले, कारण खेळणाऱ्यांची संघटना होती आणि तिने नियमांची जबाबदारी स्वतःकडे घेतली.

अटलांटिकपलीकडे

अमेरिकेत हा खेळ पसरला तो मुख्यतः १९९८ नंतर. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये स्मिथसोनियन मासिकाने डार्टमूरच्या पेट्यांवर लेख छापला. तो वाचून ईशान्येकडच्या राज्यांतल्या भटक्यांनी आपापल्या रानात डब्या ठेवायला सुरुवात केली. डार्टमूरवर बहुतेक शिक्के दुकानातून करून घेतलेले असत. अमेरिकेत स्वतःच्या हाताने शिक्का कोरणं ही खेळाची शान झाली. डार्टमूरचे क्लू होकायंत्राच्या अंशांचे, कोरडे आणि नेमके. अमेरिकेतले क्लू कविता, कोडी आणि गोष्टींचे. आणखी एक बदल शहरांच्या दृष्टीने महत्त्वाचा होता. उघड्या पठारावरचा हा खेळ गावालगतच्या रानात, नदीकाठच्या वाटेवर, नगरपालिकेच्या उद्यानात आला. मोटार लावली, अर्धा तास चाललं, डबी सापडली, इतका तो जवळ आला.

याच्या थोडं आधी, १९९५ मध्ये, व्हरमाँट आणि न्यू हॅम्पशर या राज्यांच्या सीमेवरच्या खोऱ्यात 'व्हॅली क्वेस्ट' हा उपक्रम सुरू झाला होता. डार्टमूरवरूनच सुचलेला, पण हेतू शिक्षणाचा. शाळेतली मुलं आपल्या गावातली एखादी जागा निवडतात. जुनी गिरणी, ओढा, स्मशान, पाणथळ असं काहीही. तिची माहिती म्हाताऱ्यांकडून आणि जुन्या कागदांतून गोळा करतात, यमक जुळवून क्लू लिहितात, नकाशा काढतात, शिक्का करतात आणि शेवटी पेटी ठेवतात. शोधणाऱ्याला त्यातून गावाची ओळख होते. पण त्याच्या दसपट ओळख क्लू लिहिणाऱ्या मुलांना आधीच झालेली असते. शहरी निसर्गवाटेसाठी यापेक्षा चांगला नमुना माझ्या माहितीत नाही.

मे २००० मध्ये अमेरिकी सरकारने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यात पोर्टलंडजवळच्या रानात एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले, आणि जिओकॅशिंग जन्माला आलं. आज जगभरात त्याच्या तीस लाखांहून जास्त डब्या आहेत. दोन्ही खेळ भावंडं दिसतात, पण त्यांचा स्वभाव वेगळा आहे. जिओकॅशिंगमध्ये यंत्र माणसाला बिंदूपर्यंत नेतं, नजर पडद्यावर असते आणि शोध सुरू होतो शेवटच्या दहा पावलांत. लेटरबॉक्सिंगमध्ये पहिल्या पावलापासून वाट वाचावी लागते. मात्र जिओकॅशिंगने शिस्त जास्त चांगली बसवली. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवं. पुरायला बंदी. जागेच्या मालकाची परवानगी हवी. नव्या डबीची नोंद स्वयंसेवक तपासतात, आणि मालकाने देखभाल सोडली तर तिची नोंद बंद होते. शहरात खेळायचं तर लेटरबॉक्सिंगने हे धाकट्या भावंडाकडून घ्यावं.

डबीच्या आत

लागणारं सामान स्टेशनरीच्या दुकानात आणि स्वयंपाकघरात मिळतं. चारही बाजूंनी क्लिप लागणारा डबा. आत झिपच्या दोन पिशव्या, एकीत वही आणि दुसरीत शिक्का, म्हणजे ओला शिक्का वहीला डाग पाडत नाही. वहीचा कागद गुळगुळीत नको, खरखरीत हवा. शाई ओलीत पसरते, म्हणून पेनाऐवजी पेन्सिल. स्टॅम्प पॅड डबीत सुकून जातं, त्यामुळे ते शोधणाऱ्याने आपलं आणायचं.

शिक्का मात्र वेळ काढून करण्याची गोष्ट आहे. आपल्याकडे शाळेत भेंडीचे आणि बटाट्याचे ठसे करत मोठं झालेल्या कुणालाही तो जमेल. मोठं खोडरबर घ्यायचं. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने चित्र काढायचं, कागद रबरावर पालथा घालून नखाने घासायचं. चित्र रबरावर उलटं उतरतं आणि छापताना सुलटं येतं. अक्षरं कोरणाऱ्या नवशिक्याची सगळी धांदल या एका युक्तीने टळते. मग लिनोकटची बारीक पटाशी घ्यायची. पातं रेषेच्या बाजूने आत वळू द्यायचं नाही, बाहेर तिरपं ठेवायचं, म्हणजे रेषेचा पाया रुंद राहतो. पाया पोखरला की चार ठशांत रेघ दुमडते. वळणावर हात फिरवायचा नाही, रबर फिरवायचं. पळसाचं एक पान कोरायला बसलं की कळतं, त्याची मधली पत्री मोठी असते आणि बाजूच्या दोन तिरप्या असतात. आयुष्यभर 'पळसाला पानं तीन' म्हणणाऱ्याने ते कधी इतक्या जवळून पाहिलेलं नसतं.

इथेच खेळाचा पहिला फायदा दिसतो. जे कोरायचं ते नीट बघावं लागतं. डबी ठेवणारा तिच्यासाठी शिक्का करतो आणि शोधणाराही स्वतःची खूण म्हणून एक शिक्का करतो. दोघांनाही एखादं पान, पक्षी वा किडा नीट न्याहाळावा लागतो.

क्लू कसा असावा

वाईट क्लू असा असतो : 'गेटपासून दोनशे पावलं, डावीकडच्या बाकाखाली.' तो घेऊन चालणाऱ्याने वाटेत काहीच पाहिलं नाही तरी त्याला डबी मिळते. बाक हलवला की क्लू मेला, तो भाग वेगळाच.

चांगला क्लू डोळ्यांना काम लावतो. पुण्याच्या वेताळ टेकडीसारख्या जागेची कल्पना करून बघू. तिथे जुनी दगडाची खाण आहे, गवताळ माथा आहे, वन खात्याने लावलेली गिरिपुष्पाची दाट झाडी आहे आणि मूळची सालईसारखी झाडंही टिकून आहेत. तिथला क्लू असा होऊ शकेल :

'खाणीकडे पाठ करून वाटेने निघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये फिक्या गुलाबी फुलांनी भरणारी झाडी लागेल. ही झाडं इथली नाहीत, त्यांना मागे टाका. ज्याची साल कागदाच्या पापुद्र्यासारखी सुटते आणि पान चुरगळल्यावर वास येतो, त्या झाडापाशी थांबा. त्याच्या सावलीतून दोन वाटा फुटतात. जिच्यावर गुरांच्या खुरांपेक्षा बुटांचे ठसे जास्त आहेत, ती घ्या. वाट सोडू नका. डबी वाटेवरून हात पुरेल इतक्या जवळ आहे.'

ही नमुन्याची रचना आहे, असली डबी तिथे ठेवलेली नाही. पण हा क्लू घेऊन चालणाऱ्याला गिरिपुष्प बाहेरून आणून लावलेलं झाड आहे हे कळतं, सालई ओळखता येते आणि फुलोऱ्याचा महिना लक्षात राहतो. पुढच्या वेळी क्लू हातात नसला तरी सालई दिसल्यावर तो थांबेल. माहितीच्या पाटीने हे साधत नाही. पाटी उत्तर आधीच देऊन टाकते. क्लू माणसाकडून उत्तर काढून घेतो, आणि स्वतः शोधलेलं माणूस विसरत नाही.

यासाठी क्लू लिहिणाऱ्याला ती वाट ऋतूंसकट माहीत असावी लागते. पानगळीत लिहिलेला क्लू श्रावणात चालत नाही. उन्हाळ्यात उघडा दिसणारा खडक पावसाळ्यात गवतात गडप होतो. म्हणून क्लू टिकाऊ खुणांवर उभा करावा, खोडाची ठेवण, खडकाचा रंग, उताराची दिशा अशा. फूल-फळांचे तपशील जोडीला घ्यावेत.

आक्षेप आणि त्यांचं वजन

पहिला आक्षेप जमिनीचा. माणसं वाट सोडून आत शिरतात, झुडपं तुडवली जातात, नवी वाट पडते. पायवाटांचा अभ्यास करणाऱ्यांचा जुना निष्कर्ष असा, की झाडोऱ्याचं सर्वांत जास्त नुकसान पहिल्या थोड्या पावलांतच होतं. न तुडवलेल्या जागी मोजकी माणसं गेली तरी झळ मोठी बसते, आणि आधीच मळलेल्या वाटेवर आणखी शंभर गेली तरी फारसा फरक पडत नाही. त्यामुळे उपायही सरळ आहे. डबी मळलेल्या वाटेवरून हात पोचेल अशाच जागी ठेवायची. शोध अवघड करायचा तर क्लूने करावा, जागेने नव्हे.

दुसरा आक्षेप प्राण्यांचा. दगडाखाली, ढोलीत, गवताच्या बुडाशी कुणाचं तरी घर असतं. माळावर टिटवी, चंडोल, रातवा हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात आणि ती मातीच्या रंगात इतकी मिसळतात, की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. अशा भागातल्या डब्या विणीच्या काळात उचलून घ्यायच्या. त्यात चर्चेला जागा नाही.

तिसरा आक्षेप कचऱ्याचा. ठेवणाऱ्याचा उत्साह ओसरतो, नोकरी बदलते, शहर बदलतं. डबी मागे राहते, झाकण तडकतं, आत पाणी शिरतं, वहीचा लगदा होतो. मला हा आक्षेप सर्वांत गंभीर वाटतो, कारण बेपर्वा माणसाच्या हातून जे होतं तेच इथे चांगल्या माणसाच्या हातूनही होतं.

चौथा आक्षेप सुरक्षेचा. २०११ साली इंग्लंडमधल्या वेदरबी गावात एका उपाहारगृहाबाहेर लपवलेला जिओकॅशिंगचा डबा कुणालातरी संशयास्पद वाटला. रस्ता रिकामा केला गेला आणि बॉम्बनाशक पथकाने नियंत्रित स्फोट करून डबा उडवला. शहरात लपवलेली कुठलीही बंद वस्तू कुणाच्या तरी काळजात धस्स करू शकते. म्हणून डबी पारदर्शक हवी, तिच्यावर ती काय आहे हे मोठ्या अक्षरात लिहिलेलं हवं, आणि उद्यानाच्या कार्यालयात व जवळच्या पोलिस चौकीत तिची नोंद हवी.

न लपवता शिक्का

डबी लपवल्याशिवायही हा आनंद देता येतो आणि तशा परंपरा जुन्या आहेत. जपानमध्ये १९३१ साली फुकुई स्थानकात प्रवाशांसाठी चित्रमय शिक्का ठेवला गेला. आज देशभरच्या स्थानकांत असे शिक्के आहेत आणि शाळकरी मुलांपासून आजोबांपर्यंत सगळे वह्या घेऊन ते जमवतात. हंगेरीत १९३८ पासून देशव्यापी 'निळी वाट' आहे. तिच्या ठरलेल्या ठिकाणी शिक्के असतात, आणि सगळे शिक्के घेतले की वाट पुरी केल्याचं मानलं जातं. स्लोव्हेनियाच्या डोंगरवाटेवर १९५३ पासून हीच पद्धत आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत परवानगीशिवाय डबी ठेवता येत नाही, पण १९८६ पासून तिथे 'पासपोर्ट' मिळतो आणि उद्यानांच्या माहिती केंद्रांत त्यावर शिक्का मारून घेता येतो.

तिसरी तऱ्हा डबीविनाच चालते. जिओकॅशिंगमध्ये २००४ पासून 'अर्थकॅश' हा प्रकार आहे. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या पुढाकाराने तो सुरू झाला. जागेवर काहीच ठेवलेलं नसतं. तिथला खडक, स्तर वा झरा नीट पाहून विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, की शोध पुरा.

म्हणजे पर्याय तीन : लपवलेली डबी, उघड्यावरचा शिक्का आणि नुसता प्रश्न. जागा जितकी नाजूक, तितका तिसऱ्याकडे कल असावा. जागा जितकी रुळलेली, तितकी पहिल्याला मोकळीक. एकच पद्धत सगळीकडे रेटायचं कारण नाही.

आपल्या वाटांवर

डार्टमूरचा नमुना सह्याद्रीच्या कुशीतल्या शहरांत जसाच्या तसा चालणार नाही. पहिलं कारण साप. ब्रिटनमध्ये रानात आढळणारा विषारी साप एकच, आणि त्याच्या दंशाने माणूस दगावणं अगदी दुर्मीळ. आपल्याकडच्या टेकड्यांवर घोणस आणि फुरसं आहे, आणि फुरशाची आवडती जागा दगडाखालचीच. दगड उचलून खाली हात घालायला लावणारा खेळ इथे मुलांच्या हाती देता येत नाही. म्हणून आपल्याकडच्या डबीचा पहिला नियम हाच हवा, की ती कमरेच्या उंचीवर आणि हात घालण्याआधी आतलं दिसेल अशा जागी असावी. विंचू आणि मुंगळ्यांसाठीही हाच नियम उपयोगी पडतो.

दुसरं कारण पाऊस आणि आग. चार महिन्यांच्या पावसात क्लिपचा डबा टिकला तरी आतली हवा दमट होते आणि वहीला बुरशी येते. उन्हाळ्यात टेकड्यांवरचं वाळलेलं गवत पेटतं आणि वणव्यात प्लॅस्टिक वितळून मातीत मिसळतं. आपल्याकडे या खेळाचा हंगाम ऑक्टोबर ते जानेवारी असाच धरावा. पावसाची शेवटची सर गेल्यावर डब्या ठेवायच्या, गवत कडक वाळायच्या आत उचलायच्या. हंगाम आखला की कचऱ्याचा प्रश्नही निम्मा सुटतो, कारण वर्षातून एकदा प्रत्येक डबी घरी येतेच. तरीही या महिन्यांतही सापांची हालचाल असते, तेव्हा कमरेच्या उंचीचा नियम पूर्ण हंगामभर लागू राहील.

तिसरं कारण आपल्या शहरांची स्मृती. मुंबईच्या लोकलमध्ये बेवारस वस्तूला हात लावू नका, ही घोषणा ऐकत दोन पिढ्या वाढल्या. पुण्यात २०१० साली जर्मन बेकरीत स्फोट झाला तो अशाच ठेवून दिलेल्या पिशवीतून. मुलांना एकीकडे 'अनोळखी वस्तूला हात लावू नको' शिकवायचं आणि दुसरीकडे लपवलेली डबी उघडायला लावायची, हा विरोध खरा आहे. भर वस्तीत, बागेच्या बाकांजवळ, बस थांब्यालगत डबी नकोच. टेकडीच्या वाटेवर ठेवायची तर ती ओळखता येईल अशी, परवानगीची आणि नोंदवलेली असावी. मुलांसोबत मोठं माणूस असावं.

चौथी गोष्ट कायद्याची. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यांत वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात बिबट्यांचा वावर आहे. तिथे माणसांना वाटेबाहेर ओढणारी एकही डबी असू नये. झाडांना काही ठोकायचं, बांधायचंही नाही. झाडांच्या अंगातले खिळे उपसून काढण्याची मोहीम आपल्याच शहरांतल्या तरुणांनी चालवली. त्यांच्या कष्टांवर पाणी पडेल असं काही करायचं नाही.

मग सुरुवात कुठून करावी? मला धारावीलगतचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान डोळ्यांपुढे येतं. एकेकाळी तिथे शहराचा कचरा टाकला जायचा. १९८३ मध्ये पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांच्या हस्ते पहिलं रोप लागलं, १९९४ मध्ये उद्यान खुलं झालं आणि आज मिठी नदीच्या काठी तिथे दाट झाडी आहे. अशा जागी दार आहे, कर्मचारी आहेत, शाळांच्या सहली येतात. तिथे डब्या लपवायचीही गरज नाही. वाटेवर पाच-सहा ठिकाणी पाहून उत्तर देण्याचे प्रश्न आणि शेवटी दाराशी शिक्का, इतकं केलं तरी पुष्कळ. पुण्याच्या टेकड्यांवर मात्र दार नाही, पण रोज येणारी माणसं आहेत. वर्षानुवर्षं झाडांना पाणी घालणारे, वणव्याच्या वेळी धावून जाणारे, टेकडी वाचवण्यासाठी रस्त्यावर उतरणारे गट आहेत. राखणदार म्हणून यांच्याइतकी योग्य माणसं दुसरीकडे मिळणार नाहीत.

राखणदार

सगळा आढावा शेवटी याच मुद्द्यावर येऊन ठेपतो. डार्टमूरवर खेळ टिकला, कारण नियम पाळायला लावणारी माणसं होती. व्हॅली क्वेस्टमध्ये पेट्या टिकल्या त्या गावाने आणि शाळेने त्यांना आपलं मानलं म्हणून. जिओकॅशिंगमध्ये मालकाने लक्ष सोडलं की डबी यादीतून जाते. जिथे ठेवणारा निघून गेला आणि त्याची जागा कुणी घेतली नाही, तिथे खेळाची बदनामी झाली आणि ती रास्तच होती.

म्हणून आपल्याकडे हा खेळ व्यक्तींनी सुरू करू नये, शाळांनी आणि टेकडी गटांनी करावा. एक शाळा, एक वाट, तीन डब्या. सातवी-आठवीच्या मुलांनी ती वाट जून ते सप्टेंबर पाहावी. काय उगवतं, काय फुलतं, ओढा कुठून येतो, खाण कधी बंद झाली, हे आसपासच्या जुन्या माणसांना विचारावं. दिवाळीच्या सुमारास क्लू लिहावेत, मराठीत, आपल्या शब्दांत. शिक्के कोरावेत. वन खात्याची किंवा महापालिकेच्या उद्यान विभागाची लेखी परवानगी घ्यावी. दर पंधरा दिवसांनी दोघांनी जाऊन डबी उघडून पाहावी. जानेवारीअखेर सगळ्या डब्या परत आणाव्यात आणि वह्या वर्गात वाचाव्यात. कोण आलं, काय पाहिलं, कोणता क्लू कुणालाच सुटला नाही, हे त्यातून कळेल. पुढच्या वर्षी तीच वाट पुढच्या वर्गाकडे द्यावी.

याचा खर्च एका सहलीइतकाही नाही. लाभ मात्र टेकडीला मिळतो. शहरातली टेकडी वाचते ती तिच्यावर प्रेम करणाऱ्यांच्या संख्येवर, आणि प्रेम ओळखीतून येतं. रस्ता, बोगदा वा इमारतींचा प्रस्ताव येतो तेव्हा 'तिथे काय आहे? नुसतं गवत!' असं म्हणणारे पुष्कळ असतात. त्यांना उत्तर देताना ज्या मुलांनी तिथली सालई, रातवा आणि खाणीतलं पाणी स्वतः शोधून वहीत उतरवलंय, त्यांचा शब्द वजनदार ठरेल. ती मुलं उद्या मतदार होतील, अधिकारी होतील, नगररचना आखतील. डबी पुढच्या जानेवारीत उचलली जाईल. ओळख राहील, आणि टेकडीच्या बाजूने बोलायला ती लागणार आहे.